आंबिल ओढ्याचं सर्वेक्षण: भूगोलाच्या सरांकडून काय काम घ्यावं?

पर्वतीपायथा:
भूरूपशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर सहकारनगरच्या नागरिक गटाला वेळ देणार आहेत. गटातल्या बहुतेकांना व्याख्यानमाला हवी आहे. त्यापेक्षा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तसं पाणी पुन्हा आलं तर ते कुठे तुंबेल, हे दाखवणारा नकाशा करता येईल का? टोपोशीट (जमिनीचा चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा) पुरेल?

डम्पीवाला:
टोपोशीट नाही पुरणार. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उंचीच्या २० मीटर अंतरानं असतात, आणि इथे सगळा खेळ एक-दोन मीटरचा. मोबाइलच्या जीपीएसची उंची तर विसराच. सरांनी वर्षानुवर्षं प्रात्यक्षिकं घेतली असतील, तेच काम द्या. एखाद्या कॉलेजच्या भूगोल विभागातून डम्पी लेव्हल (आडव्या दृष्टिरेषेतून उंचीतला फरक मोजायची दुर्बीण), तिवई, स्टाफ (उभी धरायची आकड्यांची पट्टी) मागून घ्या. लेव्हलपासून मागचा आणि पुढचा स्टाफ सारख्याच अंतरावर हवा, ४०-५० मीटरच्या आत. म्हणजे दृष्टिरेषा थोडी कललेली असली तरी चूक वजा होते. फेरी सुरुवातीच्या खुणेवरच संपवा. एक किलोमीटरच्या फेरीत सुरुवातीच्या आणि शेवटच्या उंचीत २४ मिलिमीटर फरक चालतो, चार किलोमीटरला ४८ (चूक अंतराच्या वर्गमुळानं वाढते). त्याहून जास्त आला तर आकडे जुळवू नका, फेरी पुन्हा करा.

मोरीखालचा:
आधी पूल आणि मोऱ्या. रुंदी, तळापासून स्लॅबच्या खालच्या कडेपर्यंतची उंची, गाळाची जाडी वेगळी. स्लॅबखालून आडवा गेलेला पाइप हमखास नोंदीतून सुटतो, आणि फांद्या-प्लास्टिक अडकतं ते तिथेच. काटछेद (ओढ्याच्या आडव्या रेषेवरच्या उंचीच्या नोंदी) दोन्ही काठांवर पुराच्या खुणेच्या वरपर्यंत न्या. भिंती रंगवल्या असतील तर खूण दोन वेगळ्या घरांतून विचारून घ्या. सगळं मेअखेर उरकायला हवं.

नानावाडा:
खालच्या टप्प्यात मूळ पात्र शोधत बसू नका. नानासाहेब पेशव्यांच्या काळात ओढा अडवून पर्वतीचं तळं केलं (आजची सारसबाग) आणि प्रवाह वळवला. आणखी एक: तुमच्या नकाशावर निळी-लाल रेषा नको. २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या त्या रेषा जलसंपदा विभागाच्या. तुमची 'पाणी चढल्याची खूण' एवढंच लिहा, नाहीतर उद्या बांधकामाच्या वादात तुमचाच कागद पुढे येईल.

पर्वतीपायथा:
माणसं किती लागतील?

डम्पीवाला:
चार. दोन स्टाफला, एक लेव्हलवर, एक नोंदवहीला. नोंदवही सरांकडे द्या आणि बेरजा जागेवरच तपासा.