ओटा, टाइल्स आणि बोअरचं पाणी : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

वहिनी (ए-२०४): नमस्कार मंडळी. किचन नि दोन्ही बाथरूम फोडून नव्याने करायचेत. शोरूमवाल्याने पांढरा क्वार्ट्झचा ओटा, ॲक्रिलिकची शटर्स (कपाटांची दारं), बाथरूमला काळ्या मॅट टाइल्स नि काळेच नळ सुचवलेत. दिसायला झकास आहे, पण आपल्याकडे टिकेल का? घरात रोज भाकरी, सीझनला भरीत. किचनच्या सिंकला वाघूर धरणाचं पाणी, बाकी सगळीकडे बोअरचं. गच्चीवर पाणी तापवायचं सोलर आहे.

आबा (बी-१०३): बोअरच्या पाण्यावर काळं काहीच घेऊ नका वहिनी. आपल्या काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. थेंब वाळला की पांढरा डाग मागे राहतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तो पाच मिनिटांत वाळतो. काळ्या मॅटवर प्रत्येक थेंब दिसणार. मग घासायला ॲसिड आणलं जातं. ॲसिडने टाइल्सच्या सांध्यांत भरलेलं सिमेंटचं ग्राऊट खाल्लं जातं, नळाची झळाळी जाते. काळ्या नळावर साचलेला क्षार खरवडला की क्षारासोबत रंगही निघतो. साधा क्रोमचा पितळी नळ घ्या, टाइल बदामी नाहीतर फिकट राखाडी घ्या.

वहिनी (ए-२०४): काचेचं पार्टिशन?

आबा (बी-१०३): तेच दुखणं. रोज वायपर मारणारं कोणी घरात असेल तर लावा.

ताई (ए-४०३): ओट्याचं मी सांगते. क्वार्ट्झ म्हणजे सुमारे ९० टक्के दगडाचा चुरा आणि बाकी रेझिन. दगडाला काही होत नाही, रेझिन साधारण १५० अंशांच्या पुढे पिवळं पडतं किंवा तडकतं. गॅसवरून उतरवलेला भाकरीचा तवा त्यापेक्षा खूप गरम असतो. त्यात पांढऱ्यावर हळद. भाकरी-भरिताच्या घराला ग्रॅनाइटच. संगमरवर तर अजिबात नको, लिंबू-चिंचेने त्याची पॉलिश उडते.

भाऊ (बी-३०२, ठेकेदार): ग्रॅनाइट १८ मिमी घ्या. काळा घेणार असाल तर दुकानातच कापसावर थिनर घेऊन घासून बघा. कापूस काळा झाला तर तो रंगवलेला दगड आहे, वर्षभरात सिंकजवळ राखाडी पडेल. दुसरं, मागच्या पॉलिश नसलेल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला गेला तर दगड सच्छिद्र आहे, त्यावर तेलाचे डाग बसतात. फिकट रंगाचा घेतला तर सीलर (छिद्रं बुजवणारा लेप) लागेलच.

ताई (ए-४०३): आणि जोड कुठे येतो ते कापायच्या आधी मिस्त्रीकडून खडूने काढून घ्या. सिंक किंवा हॉबच्या (ओट्यात बसवायच्या शेगडीच्या) खाचेवर जोड आला की पुढची दोन-तीन इंचांची पट्टी तिथेच तुटते. खाचेचे कोपरे गोल हवेत. काटकोनात कापले की कोपऱ्यातून तिरकी चीर जाते.

भाऊ (बी-३०२, ठेकेदार): पुढच्या कडेला खालून ४-५ मिमीची खाच मारून घ्या. ओट्यावरचं पाणी कडेवरून वळून खाली शटरच्या डोक्यावर उतरतं, ते या खाचेत थांबून गळतं. मिस्त्री आपणहून करत नाहीत. दगड बसल्यावर नीट करताही येत नाही.

वहिनी (ए-२०४): उंची ३४ इंच सांगितलीय.

ताई (ए-४०३): भाजी चिरायला, परतायला ३३-३४ ठीक आहे. भाकरी थापायला जास्त होते, खांदे वर उचलले जातात. थापताना हात वरून खाली पडला पाहिजे. दोन-अडीच फुटांचा एक तुकडा ३ इंच खाली ठेवता आला तर उत्तम. नाहीतर सगळाच ओटा ३२ वर आणा, पण हॉब ओट्यात पूर्ण बसणारा नको. वर ठेवायची साधी शेगडी असेल तर तीच ३-४ इंच भरून काढते.

नाना (सी-१०१): आता लाकूडकाम. ॲक्रिलिकचं शटर दिसतं सुंदर, पण भरिताची वांगी थेट आचेवर भाजणार, फोडणीचा धूर वर जाणार. शेगडीच्या वरच्या नि बाजूच्या शटरला ॲक्रिलिक किंवा मेम्ब्रेन (वरून चिकटवलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा) नको, कडेने सुटतं. तिथे १ मिमी लॅमिनेट. प्लाय घेताना दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणेल त्यावर जाऊ नका. शिक्का वाचा. आयएस ७१० म्हणजे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा), त्याची ७२ तास उकळण्याची चाचणी असते. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर त्यापेक्षा खालचा, एमआर (नुसता दमटपणा सोसणारा) तर किचनमध्ये आणूच नये. शिक्क्यावर सीएम/एल नंबर असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की लायसन्स चालू आहे की नाही कळतं.

भाऊ (बी-३०२, ठेकेदार): नाना, सगळीकडे ७१० कशाला? उगाच खर्च. वरच्या कपाटांना एचडीएचएमआर (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला घट्ट बोर्ड) चालतं, सरळ राहतं, कापही स्वच्छ येतो.

नाना (सी-१०१): वर चालेल. खाली सिंकखाली नाही. ते ओल सहन करतं, पाण्यात उभं राहत नाही. सिंकचा पाइप एकदा ठिबकायला लागला की तळाची कडा फुगणार.

ताई (ए-४०३): माझं मत विचाराल तर सिंकखाली लाकूडच नको. जुन्या पद्धतीने कडप्प्याचे उभे पार्टिशन नि तळाला कडप्पा, बाहेरून फक्त शटर. बाकीच्या खणात प्लाय. जिथे जिथे प्लाय कापला जातो, बिजागरीचं भोक, पाइपचं भोक, ती कच्ची कड सील केलेली आहे का ते बसवायच्या आधी बघा. ओल तिथूनच शिरते. कपाटाखाली स्कर्टिंग ४ इंच सोडा, म्हणजे फरशी धुताना पाणी तळाला लागत नाही.

भाऊ (बी-३०२, ठेकेदार): सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर त्या शटरला तळाशी जाळी हवीच. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. जाळी वर ठेवून काही उपयोग नाही.

आबा (बी-१०३): सिंकबद्दल एक. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटला नाही म्हणून ३०४ दर्जाचं स्टील म्हणतो. हलक्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी, पाण्याने त्यावर तांबूस ठिपके येतात. बिलावर 'एसएस ३०४' लिहून घ्या, जाडी १ मिमी. सिंकजवळ ॲसिडची बाटली उघडी ठेवू नका, वाफेनेही डाग पडतात.

वहिनी (ए-२०४): समजलं. बाथरूमचं मात्र सगळंच नवीन आहे मला. टाइल किती मागवू? आतलं माप ५ बाय ८ फूट, उंची ७ फूट.

नाना (सी-१०१): परिमिती २६ फूट, गुणिले ७, म्हणजे १८२ चौरस फूट. दार नि खिडकी मिळून २२ वजा करा, १६० उरले. कापाकापी, तूटफूट धरून १० टक्के मिळवा, १७६. जमिनीला ४० चे ४४. ३०० बाय ६०० मिमीच्या पेटीत ५ टाइल्स असतील तर पेटीला साधारण ९.७ चौरस फूट, म्हणजे १९ पेट्या. पेटीवर किती नग लिहिलेत ते बघूनच हिशोब करा. सगळ्या पेट्यांवरचा शेड नि बॅच नंबर एकच हवा. नंतर दोन पेट्या मागवल्या तर गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांतून त्याच नावाची, पण वेगळ्या छटेची टाइल येते.

भाऊ (बी-३०२, ठेकेदार): जमिनीला ३०० बाय ३०० घ्या, आर १० किंवा आर ११ ची (हा न घसरण्याचा दर्जा), पाय घसरत नाही. मोठी टाइल घेऊ नका. ८ फुटांत नहाणी ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे) सुमारे ३० मिमी ढाळ द्यायचा असतो, म्हणजे ८० ला १. मोठी टाइल तो ढाळ घेत नाही, मग तिरके काप मारावे लागतात किंवा मिस्त्री ढाळच कमी करतो नि दाराशी पाणी साचतं.

ताई (ए-४०३): भिंतीला साधी सिरॅमिक की व्हिट्रिफाइड?

भाऊ (बी-३०२, ठेकेदार): दोन्ही चालतं, चिकटवायची पद्धत वेगळी. सिरॅमिक भिंतीची टाइल पाणी पिते, भिजवून सिमेंटच्या मालावर बसते. व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, सिमेंटला धरायला जागा नाही. मग सहा महिन्यांनी टकटक केलं की पोकळ वाजते. तिला ॲडहेसिव्हच (टाइल चिकटवायचा तयार माल). ३ मिमी थराने २० किलोच्या गोणीत ४५-५० चौरस फूट होतं. पाठीमागे चार गोळे लावून टाइल दाबायची नाही, दातेरी पट्टीने पूर्ण पसरवायचं. आणि हे काम मे महिन्यात करत असाल तर भिंत आधी ओलवा नि थोडा थोडाच माल पसरवा. ४४-४५ अंशांत वरची साय लगेच धरते, मग टाइल चिकटल्यासारखी वाटते पण धरत नाही.

नाना (सी-१०१): सांधा २ मिमीचा ठेवा, स्पेसर लावून. 'बिनसांध्याची फरशी' मागू नका. पश्चिमेची भिंत तापते, टाइल फुगते, जागा नसेल तर तंबूसारखी उचलते. शॉवरच्या बाजूला इपॉक्सी (रेझिनचं) ग्राऊट, बाकीला सिमेंटचं चाललं तरी पुरे. इपॉक्सी उन्हाळ्यात लवकर घट्ट होतं, एका वेळी थोडंच कालवा आणि लगेच पुसा. वाळलेला थर नंतर निघत नाही.

आबा (बी-१०३): हाई बठ्ठं खरं शे. पण टाइलच्या मागे काय चाललंय ते कोणी बोलेना. वहिनी, सोलर आहे ना? मग गरम लाईन टाकीपासून नळापर्यंत सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिक पाइप). मधला एक तुकडा यूपीव्हीसी (थंड पाण्याचा पाइप) टाकून पैसे वाचवू नका, गरम पाण्याने तो मऊ पडून जोड सुटतो. गच्चीवरची लाईन उन्हात उघडी नको, इन्सुलेशन घाला. सीपीव्हीसी १० मीटरला ५० अंशांच्या फरकाने सुमारे ३ सेंटिमीटर वाढतो, म्हणून सरळ लांब ओढ न ठेवता मध्ये वळण द्यायचं. नळ बसतो तिथे पितळी आट्यांचं एफएबीटी (पाइपला नळ जोडायचा तुकडा) लावा, प्लॅस्टिकच्या आट्या पान्याने आवळताना चिरतात.

भाऊ (बी-३०२, ठेकेदार): डायव्हर्टरची (गरम-थंड पाणी मिसळून शॉवर किंवा नळाकडे वळवणाऱ्या, भिंतीत बसणाऱ्या व्हॉल्व्हची) खोली आधी बघा. विटेपासून टाइलच्या तोंडापर्यंत प्लास्टर, ॲडहेसिव्ह, टाइल मिळून २५ ते ३० मिमी होतं. बॉडीवर किमान-कमाल रेघ असते, टाइलचं तोंड त्या दोहोंत आलं पाहिजे. जास्त आत गेली तर मूठ बसत नाही, बाहेर राहिली तर प्लेट भिंतीला टेकत नाही. दोन्ही वेळा टाइल फोडावी लागते.

नाना (सी-१०१): भिंत बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट. जोड २४ तास वाळू द्या, सगळी तोंडं बंद करा, हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्या, काटा जागचा हलता कामा नये. मग वॉटरप्रूफिंग. सिमेंट-पॉलिमरचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कोपऱ्यांत आधी गोलाई, पाइपभोवती आणि नहाणी ट्रॅपच्या गळ्याभोवती जास्त काळजी. भिंतीवर फूटभर चढवून थांबतात, शॉवरच्या बाजूला ६ फूट हवं.

सेक्रेटरी (सी-३०३): तोडफोड सकाळी १० ते दुपारी १ नि ४ ते ६. राडारोडा लिफ्टमधून नाही, गोण्यांत भरून जिन्याने.

वहिनी (ए-२०४): मान्य. वॉटरप्रूफिंग झाल्यावर लगेच टाइल लावायची?

नाना (सी-१०१): नाही. थर वाळला की नहाणी ट्रॅपला बूच मारून २ ते ३ इंच पाणी ४८ तास ठेवायचं, पातळीला पेन्सिलने खूण करायची. आपल्या उन्हात थोडं बाष्पीभवन होणारच, म्हणून शेजारी तेवढ्याच पाण्याची बादली ठेवा. बादलीपेक्षा बाथरूमचं पाणी जास्त उतरलं तर गळती आहे. खाली १०४ च्या छताचे फोटो आधी नि नंतर काढून ठेवा, त्यांना दोन दिवस आधी कळवा.

वहिनी (ए-२०४): १०४ वाले काका ग्रुपवर आहेत का?

काका (ए-१०४): आहे. शनिवारी पाणी भरा, रविवारी मी घरी असतो, दोनदा बघून सांगतो.