मदत हवी आहे : कोणताही उपक्रम पाच मिनिटे टिकत नाही, दिवसभराचे वेळापत्रक सुचवावे

कोथरूडची_आई, सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. मुलीला दिवसभर गुंतवून ठेवतील आणि ज्यातून ती काही शिकेल असे साधे उपक्रम मला तातडीने हवे आहेत. गेल्या तीन आठवड्यांत प्राण्यांची चित्रकार्डे, लाकडी ठोकळे, आकार बसवण्याची पेटी आणि जाड खडू एवढे सगळे आणून झाले. प्रत्येक वस्तूची गत एकच होते : ती हातात घेते, उलटसुलट करून पाहते आणि भिरकावून देते. कार्डांचे तर असे झाले की मी वाघ, हत्ती, घोडा म्हणत बसले होते आणि तिने एकेक कार्ड शांतपणे पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत सरकवून दिले; बत्तीस कार्डांपैकी अकराच आता हाताशी आहेत. दुपारी शेवटी मोबाइल द्यावा लागतो आणि तो काढून घेतला की जे रडणे सुरू होते ते ऐकवत नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असे तासागणिक वेळापत्रक कोणी करून दिले तर फार उपकार होतील. "मुले अशीच असतात" असे कृपया सांगू नये. ते मला मान्य आहे, पण त्याने दुपार सरत नाही.

मुक्ता_ठाणे, सोमवार, रात्री ११.०५

चित्रकार्डे सोडू नका, एवढीच विनंती करते. माझ्या मुलाला मी रोज दुपारच्या जेवणानंतर पाचच कार्डे दाखवत असे आणि दोन वर्षांचा होईपर्यंत त्याला सगळी इंग्रजी अक्षरे ओळखता येऊ लागली. सुरुवातीला तोही फेकत असे. कार्डे लॅमिनेट करून घ्यावीत, एका कोपऱ्यात भोक पाडून दोरीत ओवावीत आणि रोज त्याच वेळी, त्याच जागी बसावे. सातत्य राहिले की मूल आपोआप बसू लागते.

लाकडी_मांडणी, सोमवार, रात्री ११.३२

मुक्ताताई, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण अक्षराचा आकार ओळखणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ प्रश्नात मला वस्तूंची गर्दी दिसते. भिंतीलगत मुलीच्या छातीएवढ्या उंचीची एक मांडणी ठेवावी, तिच्यावर फक्त चार तबके असावीत, प्रत्येक तबकात एकच काम असावे आणि बाकी सर्व कपाटात बंद करावे. काम झाले की तबक जागेवर ठेवायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. आमच्या घरी याने फार फरक पडला.

मुक्ता_ठाणे, सोमवार, रात्री ११.४१

अक्षरओळख हे शिकणे नसेल तर तबक जागेवर ठेवणे हे तरी कसे, हे मला समजले नाही. आज माझा मुलगा पहिलीत आहे आणि स्वतःहून पुस्तके वाचतो.

निवृत्त_सांगलीकर, मंगळवार, सकाळी ६.१५

आपण सर्वांनी उत्तरे दिली, पण मुलगी केवढी आहे हे धाग्यात कुठेही लिहिलेले नाही. दीड वर्षाच्या मुलाला जे जमते ते आणि तीन वर्षांच्या मुलाला जे हवे असते ते, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. घराला अंगण आहे काय, तेही कळवावे.

कोथरूडची_आई, मंगळवार, सकाळी ९.२०

क्षमस्व, वय लिहायचे राहून गेले. ती २२ महिन्यांची आहे. चालते, पळते, सोफ्यावर चढून उभी राहते. "पाणी दे", "आजी ये" असे दोन शब्द जोडून बोलते. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, अंगण नाही आणि खाली फक्त वाहनतळ आहे. सध्या पाऊस असल्यामुळे बाहेर जाण्याचा प्रश्नच येत नाही. कृपया वेळापत्रक द्यावे.

स्टुटगार्टकर, मंगळवार, दुपारी १.५०

पाऊस हे कारण होऊ शकत नाही, असे मी आग्रहाने म्हणेन. येथे जर्मनीत जंगलातील बालवाड्या चालतात आणि तीन वर्षांवरील मुले पाऊस असो की बर्फ, दिवसाचा बहुतेक वेळ झाडांमध्ये असतात. आमची धाकटी सव्वा वर्षाची असल्यापासून जलरोधक विजार आणि गमबूट घालून डबक्यात उड्या मारते. चिखलात बसून काडीने खड्डा करणे, त्यात पाणी भरणे आणि ते जिरले की पुन्हा भरणे यात तिचा एक तास सहज जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटांची हालचाल सांगितलेली आहे आणि एक वर्षाच्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये असे म्हटले आहे. चौथ्या मजल्यावरच्या घरात हे तीन तास कुठून आणणार?

निवृत्त_सांगलीकर, मंगळवार, दुपारी २.३०

जुलैच्या पुण्यात साचलेल्या डबक्यात मूल सोडण्याचा सल्ला विचारपूर्वक द्यावा. तुमच्याकडचे डबके आणि आमच्या रस्त्यावरचे डबके यांत गटाराचा फरक असतो.

स्टुटगार्टकर, मंगळवार, दुपारी ३.०५

रस्त्यावरच्या डबक्याबद्दल मी बोलत नव्हतो. गच्चीवर पडलेल्या पावसाच्या पाण्यात तर गटार मिसळत नाही.

बालवाडीच्या_बाई, मंगळवार, दुपारी ४.१०

मी एकतीस वर्षे बालवाडी चालवली, आता निवृत्त आहे. कोथरूडच्या ताई, वेळापत्रकाआधी एक विचारते. दहा ते सहा या वेळात मुलीजवळ प्रत्यक्ष कोण असते? तुमच्या लिहिण्यात "आजी ये" असे आले आहे, म्हणून मनात आले.

कोथरूडची_आई, मंगळवार, रात्री ९.५५

बाई, सासूबाई असतात. मी घरूनच काम करते, पण दार लावून बसावे लागते आणि एकामागून एक बैठका असतात. तीन महिन्यांपूर्वी सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यांना खाली बसता येत नाही, वाकून वस्तू उचलता येत नाहीत आणि मुलीच्या मागे पळताही येत नाही. फेकलेले ठोकळे संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहतात आणि त्यांवर त्यांचा पाय पडेल या भीतीने मी दर तासाला बाहेर येऊन पाहते. त्या स्वतः कधी तक्रार करत नाहीत, पण "माझ्याने तिला काही शिकवणे होत नाही" असे काल म्हणाल्या आणि मला फार वाईट वाटले. खरे म्हणजे त्याच रात्री मी हा धागा काढला.

बालवाडीच्या_बाई, बुधवार, सकाळी ७.३०

हे पहिल्याच दिवशी लिहिले असते तर बरे झाले असते, कारण मग प्रश्नच निराळा होतो. तुम्हाला दोन वर्षांच्या मुलीसाठी नव्हे, तर खुर्चीत बसलेली आजी आणि पळणारी नात या जोडीसाठी उपक्रम हवे आहेत.

पहिली गोष्ट कार्डांची. मुलीने ती फटीत एकेक करून सरकवली असे तुम्हीच लिहिले आहे. एकवीस कार्डे सरकवेपर्यंत ती जागची हलली नाही, म्हणजे उपक्रम टिकत नाही असे नाही. तिला वाघ-हत्ती नको होते, फट हवी होती. या वयात वस्तू आत घालणे, दिसेनाशी होणे आणि पुन्हा सापडणे यासारखे आकर्षण दुसरे नाही. बुटाच्या खोक्याच्या झाकणाला कार्ड आडवे जाईल एवढी चीर पाडा. खोके आजींच्या मांडीवर असू द्या, म्हणजे त्यांना वाकावे लागणार नाही. मुलगी कार्ड आणून टाकील, आजी नाव घेतील आणि सगळी संपली की झाकण उघडून दोघींनी पाहायचे. मुक्ताताईंची कार्डे अशी वाया जात नाहीत.

दुसरी गोष्ट फेकण्याची. तिला फेकायचेच आहे, तर फेकण्याजोगे द्या. घरातल्या सगळ्या मोज्यांचे गोळे करा आणि कपड्यांची टोपली आजींच्या पायांशी ठेवा. सुरुवातीला टोपलीजवळून, मग दोन फरशा मागे, मग तीन. ठोकळे महिनाभर कपाटात राहू द्या. मऊ मोज्यावर कोणाचा पाय पडला तरी कोणी पडत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. स्टुलावर परात ठेवा, परातीत दोन बोटे पाणी, एक स्वच्छ नवा स्पंज आणि रिकामे पातेले. स्पंज पाण्यात बुडवायचा, पातेल्यावर नेऊन पिळायचा. पहिले दोन-तीन दिवस तिला पिळता येणार नाही, ती नुसता दाबून पाहील आणि पाणी कोपरापर्यंत ओघळेल. मग एके दिवशी मूठ वळते, धार पातेल्यात पडते आणि तो आवाज ऐकून मूल मान वर करून आपल्याकडे पाहते. माझ्या बालवाडीत हे मी शेकडो वेळा पाहिले असेल. पुढे चमचा, बटण, पेन्सिल यांसाठी लागणारी मनगटाची आणि बोटांची ताकद अशाच कामांतून येते.

याखेरीज कोथिंबिरीची पाने खुडणे, कणकेच्या गोळ्यात बोटे रोवणे, वाळलेल्या कपड्यांतून "बाबाचा रुमाल आण, आईची ओढणी आण" हे सर्व आजींना खुर्चीतून करवून घेता येते. तासागणिक वेळापत्रक मी देणार नाही. खाणे आणि झोप यांच्या वेळा पक्क्या ठेवा आणि मध्ये एक बसून करायचे, एक पळून करायचे, एवढे पुरे.

आजींना माझे एक सांगणे पोहोचवावे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केले, ते महागड्या साधनांवर उभे नव्हते. पाने, बिया, शंख-शिंपले, खडे, जे परिसरात होते तेच त्यांचे शैक्षणिक साहित्य झाले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी कुरणातच शाळा नेली. मूल जेथे आहे आणि मोठे माणूस जे करू शकते, तेथूनच सुरुवात करायची असते. तुमच्या घरी ती जागा आजींच्या खुर्चीजवळ आहे.

निवृत्त_सांगलीकर, बुधवार, सकाळी ८.१०

बाईंचे उत्तर उत्तम आहे. त्यात भर घालतो. राजमा, हरभरे आणि शेंगदाणे एका ताटात मिसळून वेगवेगळ्या वाट्यांत निवडायला द्यावेत. रंग, आकार आणि संख्या, तिन्ही एकदम शिकून होतात. आमच्या घरी सर्व मुले धान्य निवडतच मोठी झाली.

परिचारिका_बालविभाग, बुधवार, सकाळी ११.४५

काका, रागावू नका, पण हा सल्ला २२ महिन्यांच्या मुलीसाठी कोणीही अमलात आणू नये. मी लहान मुलांच्या विभागात काम करते आणि श्वासनलिकेत शेंगदाणा किंवा हरभरा अडकलेली बाळे मी स्वतः पाहिली आहेत. या वयात वस्तू तोंडात जातेच, दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि हसताना किंवा रडताना दाणा आत ओढला जायला क्षणही पुरतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आजी अशा वेळी उठून पोहोचेपर्यंत उशीर झालेला असेल. मणी, नाणी आणि विशेषतः रिमोटमधील चपटी गोल बॅटरी यांनाही हेच लागू आहे. ती बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजते. निवडायला द्यायचेच असेल तर तिच्या मुठीपेक्षा मोठे काही द्या : बटाटे आणि लिंबे, चमचे आणि वाट्या. आणि पाण्याचा खेळ परातीतच ठेवा, बादलीत नको. डोके खाली करून पडलेल्या मुलाला बादलीतून स्वतःहून बाहेर येता येत नाही.

निवृत्त_सांगलीकर, बुधवार, दुपारी १२.२०

आमच्या वेळी घरात आठ-दहा माणसे असत आणि कोणाचे ना कोणाचे लक्ष असे, हे मी विसरलो. आपले म्हणणे मान्य आहे. बटाटे-लिंबांची कल्पना चांगली आहे.

रानवाटा_पुणे, बुधवार, रात्री ८.४०

बाहेरचा विषय मागे पडला म्हणून लिहितो. आजींना जमणार नाही हे खरे, पण आई-बाबांना रविवारी सकाळी जमेल. कोथरूडहून वेताळ टेकडी जवळ आहे. उघडीप पाहून जा, वर चढण्याचा आग्रह धरू नका, पायथ्याची सपाट वाट पुरे. मुलीला तिच्या गतीने चालू द्या. शंभर पावलांना अर्धा तास लागला तरी चालेल. या दिवसांत गोगलगायी निघतात, वाळलेल्या काडीला धरून चालणाऱ्या मुंग्या दिसतात, ओल्या दगडाचा रंग कोरड्याहून गडद असतो. कापडी पिशवीत पडलेली पाने गोळा करा आणि ती सोमवारी आजींकडे द्या. मोठे-लहान, मऊ-खरखरीत यांवर आठवडाभर काम निघते.

फक्त झाडे ओळखून घ्या. कण्हेर आणि पिवळी बिट्टी रस्त्याच्या दुभाजकांवर आणि सोसायट्यांच्या कुंपणांना सर्रास लावलेली असतात आणि दोन्ही विषारी आहेत. एरंडाच्या बिया आणि लाल-काळी गुंज दिसायला फार सुंदर असतात, मुलांचा हात आधी तिकडेच जातो, त्याही विषारीच. घरात ठिपक्यांच्या मोठ्या पानांची डिफेनबॅकियाची कुंडी असेल तर ती उंचावर ठेवा. पान चावल्यास तोंडाची भयंकर आग होऊन जीभ सुजते.

मुक्ता_ठाणे, बुधवार, रात्री ९.१५

खोक्याला चीर पाडण्याची कल्पना मला सुचली नव्हती. माझ्या भाचीसाठी उद्याच करून पाहते. तरीही दोरीत ओवलेली कार्डे प्रवासात उपयोगी पडतात, हे सांगावेसे वाटते.

कोथरूडची_आई, पुढील मंगळवार, रात्री १०.१५

सर्वांचे मनापासून आभार. सहा दिवसांनी लिहीत आहे. खोके पहिल्याच दिवशी चालले. पलंगामागची कार्डे यांनी काढून दिली आणि ती सगळी टाकून, झाकण उघडून, पुन्हा टाकणे असे सलग चार वेळा झाले. सासूबाई नुसती नावे घेत नाहीत, प्रत्येक प्राण्याचा आवाज काढतात आणि मुलगी आता "आजी, म्हैस" म्हणून तेच कार्ड परत मागते. मोज्यांचा खेळ तर सासूबाईंनी स्वतःच पुढे नेला आहे. टोपली एकदा उजव्या पायाशी आणि एकदा डाव्या पायाशी ठेवून त्या तिला दिशा शिकवत आहेत. मोबाइल पूर्ण सुटलेला नाही. शुक्रवारी आणि काल दुपारी द्यावा लागला, पण दोन्ही वेळा तिची झोप हुकलेली होती.

परातीचा मात्र एक प्रश्न आहे. काल मुलीला पहिल्यांदा पिळता आले आणि बाई, तुम्ही लिहिले होते तशीच तिने मान वर करून आजीकडे पाहिले. पण फरशीवर इतके पाणी झाले की सासूबाई उठताना घसरल्या असत्या; टेबलाचा आधार मिळाला म्हणून वाचल्या. हा खेळ बंद करायला त्या तयार नाहीत. काय करावे?

बालवाडीच्या_बाई, बुधवार, सकाळी ७.१०

बंद करू नका, जागा बदला. परात स्टुलावर न ठेवता जमिनीवर ठेवा, म्हणजे पाणी उंचावरून उडणार नाही. खाली जुनी जाड सतरंजी चौघडी करून अंथरा आणि तिच्या कडेपासून आजींची खुर्ची चार फूट दूर, कोरड्या फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवा. या खेळात आजींचे हात लागत नाहीत, डोळे आणि आवाज पुरतात. पाणी दोन बोटांऐवजी एकच बोट घ्या. बैठक संपवून तुम्ही बाहेर याल ती वेळ या खेळाच्या शेवटाशी जुळवा, म्हणजे परात उचलून सतरंजी काढणे तुमच्याकडे राहील आणि फरशी पुसून होईपर्यंत आजींनी उठायचे नाही, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. फरशी पुसायला मुलीलाही एक फडके द्या. तिला ते काम परातीइतकेच आवडेल.