फराळाचा व्यवसाय वाढतोय, मदत कुणाची घेऊ?

बी-४०४ : नमस्कार सोसायटीकर. माझा घरगुती फराळ-मसाल्यांचा व्यवसाय तुम्हाला माहीत आहेच. यंदा बंगळुरू-हैदराबादहूनही ऑर्डर येताहेत. एका सल्लागाराने पॅकेज सुचवलंय. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, जीएसटी, उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी, ट्रेडमार्क, वेबसाइट सगळं तेच करणार, शिवाय दर महिन्याला फी. दिवाळीआधी घेऊ का?

ए-१०२ : उद्यमचे पैसे कुणालाच देऊ नकोस गं. सरकारी पोर्टलवर आधारवरून फुकट होतं. माझ्या शिवणकामाची नोंदणी मी स्वतःच केली.

डी-३०३ : जीएसटीचीही घाई नको ताई. मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर लागत नाही.

सी-६०१ : थांब, सरसकट तसं नाही. ४० लाखांची सवलत महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकणाऱ्याला. करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. पापडावर कर नाही, पण चिवडा, लाडू, मसाले ५ टक्क्यांत येतात.

बी-४०४ : काका, हे त्यांनी सांगितलंच नाही! मग जीएसटीची कंपोझिशन योजना, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी पद्धत, घेतली तर?

सी-६०१ : कंपोझिशनमध्ये परराज्यात विकता येत नाही. म्हणजे एकतर सध्या फक्त महाराष्ट्रात विक, नाहीतर रीतसर नोंदणी करून रिटर्न भरत राहा. बाहेरच्या ऑर्डर किती आहेत ते बघून ठरवू. अशा निर्णयाला सीए लागतो, तोही एका बैठकीपुरता. नंतर बिलं नोंदवायला आणि रिटर्न भरायला चांगला टॅक्स कन्सल्टंट किंवा अर्धवेळ अकाउंटंट पुरतो. मी स्वतः सीए, माझ्याच व्यवसायाविरुद्ध बोलतोय, पण खरं तेच आहे.
आणि कंपनी कशाला? किमान दोन संचालक हवेत, विक्री कितीही कमी असली तरी दरवर्षी ऑडिट, वर कंपनी खात्याची विवरणपत्रं. तुला भागीदार नाही, गुंतवणूकदार नाही. प्रोप्रायटर, म्हणजे एकटी मालक म्हणून उत्तम चाललंय, तसंच चालू दे.
कुणालाही काम दिलंस तरी पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुझाच ठेव. ओटीपी तुझ्याच फोनवर आला पाहिजे. सल्लागार बदलताना लॉगिन त्याच्या ताब्यात असलं की लोक महिनोन् महिने अडकतात.

ए-७०४ : वेबसाइटही आत्ता नको. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग फुकट टाकता येतो. पैसे घालायचेच तर एकदा चांगले फोटो काढून घे.

डी-३०३ : आणि ट्रेडमार्क?

सी-६०१ : तो करण्यासारखा आहे. नाव पाकिटावर छापायच्या आधीच अर्ज केलेला बरा. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका व्यक्तीला मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये. सरकारी फी आणि काम करून देणाऱ्याची स्वतःची फी वेगवेगळी लिहून माग. सगळ्याचा मिळून एकच आकडा देणाऱ्याला काम देऊ नकोस.

ई-२०५ : अगं, पण तुझा वेळ जातो कशात ते सांग आधी.

बी-४०४ : पॅकिंग, लेबलं आणि कुरिअर, काकू. रात्रीचा एक वाजतो. तळण-भाजण त्या मानाने लवकर उरकतं. हिशेबही मागे पडलाय.

ई-२०५ : मग तुला आधी हाताखाली माणूस हवा. वेबसाइटवर ऑर्डर वाढल्या तर पाकिटं कोण भरणार? आमच्याकडे स्वयंपाकाला येतात त्यांची सून काम शोधतेय, नीटनेटकी आहे. दुपारी चार तास येईल. दिवाळीपुरती ठेव, जमलं तर पुढे कायम. पण पगार आधी ठरव आणि वेळच्या वेळी दे.

बी-४०४ : काकू, उद्याच पाठवा. पॅकेजला नाही कळवते. काका, शनिवारी येऊ?

सी-६०१ : ये चारला. बँकेचं स्टेटमेंट आणि कुरिअरच्या पावत्या आण, राज्यांप्रमाणे वेगळ्या करून. फी नको, चकलीचं एक पाकीट आण.

ए-१०२ : चकलीची माझीही ऑर्डर घे गं, अर्धा किलो.