सोन-कुलची घोड्यावरची तीन दिवसांची रपेट : नवशिक्यांना झेपेल का?

देवराई :
येत्या जुलैमध्ये मी (वय ५१), पत्नी आणि अकरावीतली मुलगी असे तिघे किर्गिझस्तानला जाण्याचा विचार करत आहोत. स्थानिक वाटाड्याबरोबर घोड्यावरून सोन-कुल सरोवरापर्यंत जाऊन यावे, तीन दिवस आणि दोन रात्री, असे मनात आहे. घोड्याचा आमचा अनुभव म्हणजे माथेरानची फेरी आणि मुलीने पुण्यात घेतलेले दहा-बारा धडे, एवढाच. रोज पाच-सहा तास खोगिरावर बसणे आम्हाला झेपेल का आणि पत्नी शाकाहारी असल्यामुळे जेवणाचे काय करावे, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

घाटवाट :
झेपेल, पण तयारी कशाची करायची हे आधी नीट समजून घ्या. तिथे घोडा पळवण्याचे कौशल्य फारसे लागत नाही, कारण बहुतेक वाट चालीनेच कापली जाते. कस लागतो तो मांडीच्या आतल्या स्नायूंचा, गुडघ्यांचा आणि कमरेचा. आम्ही किझार्ट गावातून निघालो, पहिली रात्र किलेमचेच्या कुरणावर काढली, दुसऱ्या दिवशी सुमारे ३४०० मीटर उंचीची खिंड ओलांडून सरोवराकाठी उतरलो आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या खिंडीने परतलो. खिंडीच्या माथ्यावर पोचेपर्यंत सरोवर दिसत नाही आणि मग एकदम, कुठेही झाड नसलेल्या हिरव्या पठाराच्या मधोमध, ते निळे पाणी समोर येते. त्या क्षणी आमच्यापैकी कोणीही फोटो काढला नाही, एवढेच सांगतो.

घोडे अंगाने लहान पण काटक आहेत. आपल्या भीमथडी तट्टांची जी वर्णने आपण वाचतो, तीच आठवतात. घोड्याला निघायला सांगायचे तर ‘चू’ म्हणायचे आणि थांबवायचे तर ओठ थरथरवून ‘ड्रर्र’. तीव्र उतार आला की वाटाड्या पायउतार व्हायला सांगतो. तेव्हा कमीपणा न मानता उतरावे, कारण त्यात घोड्याचीही सोय असते आणि आपल्या गुडघ्यांचीही.

माझी चूक सांगतो. पहिल्या सकाळी रिकिबी आखूड वाटत होत्या, पण संकोचापोटी मी बोललो नाही आणि दुपारपर्यंत गुडघे असे धरले की खाली उतरल्यावर उभे राहता येईना. रिकिबीत पाय ठेवून बसल्यावर गुडघा किंचितच वाकलेला असावा. तसे नसेल तर पहिल्या दहा मिनिटांतच सांगा. जाण्यापूर्वी मुलीच्या प्रशिक्षकाकडे तुम्ही दोघांनीही सहा-सात तास बसून घ्या, त्यातला एक दिवस सलग दोन तास.

मेतकूट :
जेवणाबद्दल स्पष्टच लिहिते. तिथले पशुपालक उन्हाळ्यात कळप घेऊन उंचावरच्या कुरणांवर, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘जायलू’वर, राहायला येतात, तिथे भाजी पिकत नाही आणि मटण हेच अन्न. अगोदर सांगितले तर बटाटा, भात, अंडी मिळतात, पण भात चरबीत शिजवलेला नाही ना, हे प्रत्येक मुक्कामी विचारावे लागते. पाव, घरचा मुरंबा, ‘कायमाक’ नावाची दाट साय आणि चहा मात्र भरपूर असतो. त्यांच्याकडचे दही मिळाले की माझे मेतकूट बाहेर निघे, आणि यजमानीणबाईंनी तेही चाखून पाहिले. घोडीचे आंबवलेले दूध, म्हणजे कुमिस, आदराने पुढे केले जाते. एक घोट घ्यावा, वाडगाभर मात्र पहिल्याच दिवशी पिऊ नये.

हिमरेषा :
एवढ्या लांब जाण्यापूर्वी काश्मीर किंवा लडाखचा विचार केला आहे का? तिकडेही घोडे आहेत.

घाटवाट :
प्रश्न रास्त आहे, पण दोन्हींची जातकुळी वेगळी. आपल्याकडच्या हिमालयातल्या बहुतेक पदभ्रमणांत घोडा सामान वाहतो आणि माणूस चालतो. माणूस वर बसलाच तर लगाम बहुधा घोडेवाल्याच्या हाती. चालायची आवड असेल तर तेच उत्तम. इथे लगाम तुमच्या हातात असतो, आणि या सहलीसाठी जायचे कारण माझ्या मते तेवढेच.

देवराई :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन शंका उरल्या आहेत. माझे वजन ९४ किलो आहे, त्याची अडचण येईल का? आणि उंचीचा त्रास कितपत होतो?

घाटवाट :
वजन आरक्षण करतानाच खरे सांगा; ९०-१०० किलोंच्या पुढे अनेक जण नकार देतात आणि घोडे लहान असल्यामुळे तो नकार योग्यच आहे. तुम्ही काठावर आहात, म्हणून थोराड घोडा राखून ठेवायला सांगा आणि खोगिराच्या पिशवीत जड सामान भरू नका.

सरोवर ३०१६ मीटरवर, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. राजधानी बिश्केकहून थेट न जाता आदली रात्र वाटेतल्या कोचकोर गावी काढा. डोके दुखणे, झोप न लागणे हे होऊ शकते. त्रास वाढत गेला तर खाली उतरणे हाच उपाय. जुलैतही रात्री पारा शून्याजवळ जातो आणि दुपारी गारा पडू शकतात, म्हणून पावसाळी कोट सामानात खाली न पुरता खोगिरामागे बांधून ठेवा. युर्तीत, म्हणजे मुक्कामाच्या नमद्याच्या गोल तंबूत, शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी असते, पण पहाटेपर्यंत ती विझलेली असते.

विम्याची पॉलिसी शब्दन् शब्द वाचा, कारण अनेक पॉलिसींमध्ये घोडेस्वारी किंवा ठरावीक उंचीवरील अपघात वगळलेले असतात. हेल्मेट तिथे मिळेलच असे नाही आणि मिळाले तर मापाचे असेलच असेही नाही. तिघांची हेल्मेटे इथूनच न्या.