अनुभव धागा : आगबोटीचं धुराडं आणि त्याखालची माणसं

कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यालगतचं असं गाव सापडणं कठीण, जिथलं कुणीच बोटीवर नव्हतं. आगवाला (भट्टीत कोळसा घालणारा), तेलवाला (यंत्रांना तेल देणारा), सारंग (खलाशांचा मुकादम), टंडेल (सारंगाच्या हाताखालचा), भंडारी (खलाशांचा स्वयंपाकी), स्ट्यूअर्ड (उतारूंची सरबराई करणारा) हे शब्द आपण लहानपणापासून ऐकले. वाफेच्या बोटींवर राबलेली पिढी आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे आणि त्यांनी पाहिलेलं बरंचसं कुठेच लिहून ठेवलेलं नाही. दर वर्षी ५ एप्रिलला आपण सिंदिया कंपनीच्या 'एसएस लॉयल्टी'ची आठवण काढतो. १९१९ साली त्या दिवशी ती मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून तो राष्ट्रीय सागरी दिन. पण तिच्या बॉयलरसमोर फावडं घेऊन कोण उभं होतं, हे कुणी विचारत नाही. मला तेच विचारायचंय.

विषय एकच ठेवू या, धुराडं. रंग, धूर, भोंगा, रंगकाम, काहीही चालेल. ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांचं घरच्यांनी ऐकून लिहावं, पण त्यांच्याच शब्दांत.

आगवाला, गुहागर तालुका (नातवाने लिहून घेतलं)

लोक धुराडं लांबून बघायचे. आम्हाला ते बंदराला लागल्यावरच दिसायचं. चार तास काम, आठ तास सुट्टी, की परत खाली. आमच्या बॉयलरला तीन भट्ट्या. कोळसा नुसता फेकून चालत नाही, पातळ पसरावा लागतो. मध्ये ढीग झाला की आग गुदमरते आणि वर काळा लोट निघतो. लोट निघाला की सेकंड इंजिनीयर शिडीवरून खाली आलाच म्हणून समजा.

कोळशातली राख वितळून जाळीला चिकटते, तो क्लिंकर. भट्टीचं दार उघडायचं, लांब सळई आत घालून तो फोडायचा, ओढून बाहेर काढायचा आणि वर पाणी मारायचं. तेव्हा जी वाफ उठते तिला गंधकाचा वास असतो. तो छातीत बसतो. अजून खोकला आला की मला तोच वास येतो. थंड झालेली राख बादल्यांनी वर ओढायची आणि समुद्रात टाकायची.

सगळ्यात वाईट तांबडा समुद्र. वारा मागून आणि बोटीच्याच वेगाचा असला, की हवेच्या नळांची तोंडं कितीही फिरवा, खाली झुळूक येत नाही. एकदा आमच्यातला एक पोरगा भट्टीसमोरच कोसळला. कप्तानाने बोट उलटी फिरवली, वाऱ्याला तोंड दिलं आणि जरा वेळ तशीच चालवली. खाली हवा आली तेव्हा तो शुद्धीवर आला. त्या कप्तानाला मी आजही दुवा देतो.

टंडेल, दापोलीकडचा

धुराडं रंगवणं हे आम्हा डेकवाल्यांचं काम. बॉयलर थंड असेल तेव्हाच करायचं, कारण तापलेल्या पत्र्यावर रंग लावला तर फोड येतात. दोरीच्या झुल्याला फळी, तिच्यावर बसायचं आणि वरून खाली उतरत यायचं. आधी हातोडीने गंज पाडायचा, मग तारेचा ब्रश, मग रेड लेडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या रंगाचा, हात आणि शेवटी कंपनीचा रंग. पट्टा वाकडा आला तर शेजारच्या बोटीवरचे खलाशी बंदर सुटेपर्यंत ऐकवत, म्हणून सारंग स्वतः लांब धक्क्यावर जाऊन रेघ बघायचा.

एक गोष्ट नव्या मुलांना माहीत नसेल. धुराड्याला चहूबाजूंनी तारांचे ताण असतात. बॉयलर पेटला की धुराडं तापून वाढतं, म्हणून वाफ धरण्याआधी ते ताण सैल करायचे. विसरलात तर तार तरी तुटेल नाहीतर पत्रा तरी फाटेल.

धागाकर्ता : काका, ताणांचं हे मी कुठल्याच लेखात वाचलेलं नव्हतं. अशाच गोष्टी हव्यात.

मडगावहून, वडील स्ट्यूअर्ड होते

बाबा 'पी अँड ओ' या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर. मुंबईत उतरले की धोबीतलावला आमच्या गावच्या कुडीत राहायचे. सफरीवरून आलेल्या आणि पुढच्या सफरीची वाट बघणाऱ्या गाववाल्यांची ती सामाईक जागा, प्रत्येकाची एक पेटी आणि संध्याकाळचा रोझरी.

दुसऱ्या महायुद्धाआधी ते 'स्ट्रॅथनेव्हर'वर होते. १९३१ ची, अंगाने पांढरी, तीन पिवळसर धुराडी. त्यातलं धूर ओकणारं फक्त मधलं. पुढचं आणि मागचं निव्वळ शोभेचं, कारण जास्त धुराडी म्हणजे मोठी आणि वेगवान बोट असं उतारूंना वाटायचं. युद्धात ती सैनिक वाहायला गेली आणि नंतरच्या दुरुस्तीत दोन्ही शोभेची धुराडी काढून टाकली. आमच्याकडे दोन्ही फोटो आहेत. बाबांचा जीव तीन धुराड्यांवरच होता, दुसरा फोटो त्यांनी कधी भिंतीवर लावला नाही.

निवृत्त चीफ इंजिनीयर, पुणे

मी तेलावरच्या बॉयलरचा माणूस. कोळसेवाल्यांनी जे सोसलं त्याच्यापुढे आमचं काम हलकंच म्हणायचं, पण धुराची शिस्त तीच. फनेलमधून, म्हणजे धुराड्यातून, काळा धूर म्हणजे हवा कमी. पांढरा म्हणजे हवा जास्त, तेल फुकट. हवी ती फिकट तपकिरी झाक. ती दिसली की वॉच, म्हणजे कामाची पाळी, बरा चाललाय.

नळ्यांवर काजळी साचली की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. वाफेचा झोत मारून ती उडवतात, रात्री आणि ब्रिजला विचारूनच. वारा आडवा नसेल तर सगळी काजळी डेकवर उतरते आणि सकाळी सारंगाचा चेहरा बघवत नाही.

सुरुवातीला मी लिबर्टी जातीच्या मालवाहू बोटीवर होतो. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात अशा २,७१० बोटी बांधल्या आणि पुढे त्यांतल्या काही भारतीय मालकांकडे आल्या. ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन (तीच वाफ एकामागून एक तीन टप्प्यांत वापरणारं), २,५०० अश्वशक्ती, वेग जेमतेम ११ नॉट. १९६७ साली सुएझ कालवा बंद झाला तो थेट १९७५ पर्यंत, त्यामुळे युरोपला जायचं तर केपचा, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा, वळसा. ११ नॉटने तो वळसा घालणं म्हणजे काय, हे ज्याने घातला त्यालाच कळेल. पण ते इंजिन उघडं असायचं, दांडे खालीवर होताना दिसायचे. चालत्या इंजिनात हात घालून बेअरिंग तापलंय का हे आम्ही बघायचो. नंतर टर्बाइनवर गेलो, तिथे सगळं झाकलेलं. मला ते कधी आपलं वाटलं नाही.

मालवण

मी खलाशी नाही, खलाशाची बायको. चालत असेल तर लिहिते.

आमच्याकडे आधी धूर दिसायचा, मग धुराडं, मग बोट. पोरं "बोट इली, बोट इली" करत धावायची. बोट किनाऱ्याला लागायची नाही, बाहेर नांगर टाकायची. मग पडावातून माणसं, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळं हेलकावत वर चढवायचं. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली, सहाशेवर माणसं गेली. तेव्हापासून सासूबाईंनी पावसाळ्यात घरच्या कुणाला बोटीत पाय ठेवू दिला नाही. मुलगा मात्र बारा महिने दर्यावर. त्याला त्या काय अडवणार!

तेलवाला, राजापूर तालुका

मी 'करंजा'वर होतो. मुंबई, सेशेल्स, मोंबासा, दार-ए-सलाम. काळं धुराडं, दोन पांढरे पट्टे, म्हणजे बी.आय., ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. पुढे ती बोट शिपिंग कॉर्पोरेशनने घेतली आणि 'नानकौरी' नावाने अंदमानला जाऊ लागली. धुराड्याचा रंग बदलला तरी मी तिला लांबूनच ओळखली.

प्रश्न, चिपळूण : आजोबांचा एका बोटीसमोर फोटो आहे. नाव दिसत नाही. काळं धुराडं, त्यावर दोन पट्टे. बी.आय. म्हणायची का?

धागाकर्ता : पट्टे उठून पांढरे दिसतात का? मग बी.आय.ची असण्याची शक्यता जास्त. क्लॅन लाइन या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या काळ्या धुराड्यावरही दोन पट्टे असत, पण लाल. जुन्या फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळाच उमटायचा, त्यामुळे पट्टे अंधुक असतील तर क्लॅनचा विचार करा. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही कळवा, निदान बंदर तरी कळेल. टंडेल काका, तुम्हीही एकदा बघाल का?