पूररेषेजवळच्या रस्त्याच्या भरावात राख घालावी का?

धागाकर्ता, मांजलपूर, बडोदा:
आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पुलाच्या ॲप्रोचसाठी, म्हणजे पुलाला जोडणाऱ्या रस्त्यासाठी, तिच्यावर उंच भराव रचला की त्या भरावाचे वजनच तिला पेलवत नाही. मातीच्या कणांचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड, ते माप) साधारण २.६५ असते, तर फ्लाय ॲशचे, म्हणजे वीज केंद्रात कोळसा जळून उरणाऱ्या बारीक राखेचे, बहुधा १.९ ते २.५; म्हणजे तेवढ्याच उंचीचा राखेचा भराव बराच हलका होतो आणि संरक्षक भिंतीवरचा दाबही घटतो. राख फुगत नाही, शिवाय नीट दाबली तर तिचा घर्षणकोन (कण एकमेकांवरून घसरायला किती विरोध करतात, त्याचे माप) ३० अंशांच्या वर जातो. वणाकबोरीच्या औष्णिक वीज केंद्राची राख असताना शेतातली सुपीक माती का उकरायची?

प्रतिसाद, निवृत्त साइट पर्यवेक्षक, रावपुरा:
वजनाचा मुद्दा मान्य आहे, पण पाण्याचे काय? या राखेचे कण गाळाएवढे बारीक असून त्यांच्यात खरी चिकटण नसते. ओलसर असताना ती धरून राहते असे वाटते, आणि पुरती भिजली की ती पकड नाहीशी होते. एका कामावर रोलर फिरवलेला थर वर माती न टाकता तसाच सोडला होता; एका सरीत उतारावर हातभर घळी पडल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री कुठवर चढली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यात बडोदा भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडते, आणि सैल, पाण्याने पुरती भरलेली राख हादऱ्याने द्रवासारखी वागू शकते.

धागाकर्ता:
म्हणूनच भारतीय रस्ते काँग्रेसच्या २००१ च्या मार्गदर्शिकेत बाजूंना १ ते ३ मीटर मातीचे आवरण सांगितले आहे. दिल्लीत दुसऱ्या निजामुद्दीन पुलाचा ॲप्रोच यमुनेच्या पूरपात्रात राखेवरच उभा आहे. केंद्राजवळच्या साठवण तळ्यातली राख मात्र खेपेगणिक बदलते, म्हणून एकाच प्रॉक्टर चाचणीवर (किती ओलाव्याला ती सर्वांत घट्ट दबते, ते ठरवणाऱ्या) सगळे काम चालवणे मलाही पटत नाही.

प्रतिसाद, तेच पर्यवेक्षक:
आवरणाची माती कोणती, हे कुणीच लिहीत नाही! काळीच थापली तर ती भेगाळेल आणि त्याच भेगांतून पाणी राखेपर्यंत पोहोचेल. गोराडू (रेताड, न भेगाळणारी माती) आणायची तर वाहतुकीचा खर्च हिशेबात दाखवावा. दुसरे असे, की बारीक राखेत पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि तिच्यातले बोरॉन, आर्सेनिक यांसारखे घटक पाझरून विहिरींकडे जाऊ शकतात. म्हणून २०२४ च्या पूरपातळीपर्यंत मुरूम, त्यावर वाळूचा निचरा थर आणि मगच राख, असा छेद निविदेच्या नकाशात दिसला, तर माझा विरोध नाही.