हिवाळी सायकल चॅलेंज: संघ पाडताना आठवड्याचे किलोमीटर कोणाच्या शब्दावर धरायचे?

उलटा_वारा (धागाकर्ता)

थंडीचे बारा आठवडे, चार संघ, ज्या संघाच्या किलोमीटरची बेरीज जास्त तो जिंकला. असं साधं सरळ चॅलेंज. संघ तुल्यबळ व्हावेत म्हणून नोंदणीच्या अर्जात एक प्रश्न असतो: ‘आठवड्याला साधारण किती चालवता?’ माझं म्हणणं, हा प्रश्नच काढून टाका. असं विचारलं की माणूस आपला सरासरी आठवडा सांगत नाही, लक्षात राहिलेला आठवडा सांगतो, आणि तो बहुतेक वेळा उन्हाळ्यातला असतो. थंडीत सहालाच अंधार पडतो, सकाळी हँडल धरवत नाही, एक सर्दी दहा दिवस खाते. ‘१५०’ लिहिलेला माणूस ७०वर येतो आणि त्याचा संघ दुसऱ्याच आठवड्यात हात टेकतो.

माझा उपाय: ॲपमधून गेल्या हिवाळ्यातले आठवडे काढा, चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा धरा. बोला.

मडगार्ड

गेल्या हिवाळ्याची नोंद घ्या, इथपर्यंत शंभर टक्के सहमत. मधला आकडा मात्र साफ चूक.

समजा कोणाचे आठ आठवडे असे गेले: १२०, ११०, ०, १३०, ०, ९०, १४०, ०. मधला आकडा येतो १००. सरासरी येते ७४च्या आसपास. बारा आठवड्यांत हा फरक ३०० किलोमीटरच्या वर जातो! तुमचं चॅलेंज बेरजेवर आहे ना? मग शून्याचे आठवडेही बेरजेत येणारच. ते नजरेआड करून समतोल कसा साधणार?

उलटा_वारा

आणि उलट बाजूने? एखाद्याने सुट्टीत एकाच आठवड्यात ५०० मारले की त्याची सरासरी उगाच फुगते. मधला आकडा त्यापासून वाचवतो.

मडगार्ड

‘उगाच’ कसं? ते ५०० खरेच चालवलेत. राफा या सायकलिंगचे कपडे करणाऱ्या कंपनीचं ‘फेस्टिव्ह ५००’ हे चॅलेंज दरवर्षी असतं, २४ ते ३१ डिसेंबर, आठ दिवसांत ५०० किमी. ज्याला तो नाद आहे तो यंदाही करणार आणि ते किलोमीटर तुमच्याच तक्त्यात पडणार. अपवाद वाटतो तो आठवडा काही जणांचा वार्षिक नेम असतो.

सोमवारी_सुट्टी

तुम्ही दोघं आकडेमोडीत रमलात, पण गेल्या हिवाळ्याची नोंद असते कोणाकडे? ज्यांना गरज नाही त्यांच्याकडे. हिवाळी चॅलेंजचा उद्देश नवीन माणसं थंडीत सायकलवर टिकावीत हा. त्यांच्याकडे आल्या आल्या वर्षभराचा हिशेब मागितलात तर निम्मी दारातूनच परत जातील.

मला वाटतं प्रश्न राहू द्या, फक्त नीट विचारा. ‘साधारण किती’ हा प्रश्नच ढिला आहे. ‘कामाला सायकलने जाता का, एका बाजूचं अंतर किती, आठवड्यातून खरोखर किती दिवस?’ असं विचारा. एका बाजूला ९ किमी आणि चार दिवस म्हणजे ७२. हा आकडा थंडीतही फारसा हलत नाही, कारण त्याला कामावर जायचंच असतं. याउलट फक्त रविवारी शंभर मारणाऱ्याचा एक रविवार पावसात गेला की आठवडा शून्य. सरासरी सारखी असली तरी या दोघांचा भरवसा सारखा नाही, आणि एका संघात पाचही जण रविवारवाले आले तर एका वादळात अख्खा संघ झोपतो. हे तुमच्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

उलटा_वारा

रविवारवाले वाटून टाकायचे, हा मुद्दा पटला. पण तुमच्या प्रश्नातल्या ‘खरोखर’ या शब्दावर फार भार टाकताय. चार दिवस लिहिणारे अडीच दिवस जातात.

घरातला_ट्रेनर

सगळे रस्त्याचंच बोलताय. थंडीत निम्मे किलोमीटर घरात, भिंतीकडे तोंड करून होतात. त्यांचं काय?

ट्रेनर म्हणजे घरात सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र. ॲपला जोडलेल्या स्मार्ट ट्रेनरवर वेग ॲप ठरवतं, तुमची ताकद, वजन आणि पडद्यावरचा चढ-उतार बघून. घोळक्यामागे लागलात तर तिथेही फुकटचा वेग मिळतो. साध्या ट्रेनरवर चाकाचे फेरे मोजले जातात, रेझिस्टन्स कमी करा आणि बसल्या जागी ताशी ४० घ्या. बाहेर मात्र उलटं. २५ अंशांपेक्षा शून्य अंशाला हवा सुमारे ९ टक्के दाट असते, वर जाड जाकीट आणि बर्फ असेल तर खिळ्यांचे टायर. तेवढ्याच मेहनतीत किलोमीटर कमी पडतात.

म्हणून अंदाजही तासांत घ्या आणि स्पर्धाही तासांत ठेवा. आठवड्याला किती तास मिळतात हे माणसाला किलोमीटरपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

मडगार्ड

तासांवर ठेवलंत की लोक गप्पा मारत ताशी बाराने फिरतील.

घरातला_ट्रेनर

फिरू द्या की! थंडीत बाहेर पडले ना?

रिकामी_बाटली

सगळे धरून चाललेत की अंदाज भाबडेपणाने चुकतो. मुद्दाम कमी सांगणाऱ्यांचं काय? १२० चालवणारा ४० लिहितो, त्यामुळे त्याच्या संघाला आणखी एक दमदार माणूस मिळतो. काही ठिकाणी अंदाजाच्या टक्केवारीवर गुण देतात, ते तर आणखी वाईट. ४० लिहून १२० केले की ३०० टक्के, वर शाबासकी.

त्यापेक्षा आकडे सोडा, फक्त क्रम लावा. सोळा जण असतील तर पहिल्या संघात १, ८, ९, १६. दुसऱ्यात २, ७, १०, १५, असं नागमोडी वाटा. कोण कोणापेक्षा जास्त चालवतो हे ओळखीच्या गटात सगळ्यांना माहीत असतं.

मडगार्ड

आणि पहिला ४००वाला, दुसरा १८०वाला असेल तर? क्रमाने वाटलंत की हा २२०चा फरक शेवटपर्यंत पहिल्या संघाच्या खिशात राहतो. पुढची माणसं १०-१५च्या फरकाने लागलेली असतात, त्यांनी तो भरून निघत नाही. मोठ्या आकड्यापासून सुरुवात करा आणि पुढचा माणूस दरवेळी त्या क्षणी सर्वांत कमी बेरीज असलेल्या संघाला द्या. संघात चार झाले की दार बंद.

सोमवारी_सुट्टी

किंवा आठवड्याला २०० पर्यंतच मोजा.

पहाटे_पाचला

मीच तो ४००वाला (३८०, पण चालेल). २०० झाले की बुधवारपासून मी काय करू? माझ्या संघात तीनच माणसं द्या, तक्रार नाही. पण चालवलेलं मोजणार नाही म्हणालात तर नाव काढून घेतो.

सोमवारी_सुट्टी

तिघांच्या संघात एक आजारी पडला की दोघं उरतात. तुम्ही चालवत राहाल हो, उरलेल्या एकट्याला वाटेल आपण नुसते प्रेक्षक.

उलटा_वारा

ठरवतो: नोंद असेल त्याची गेल्या हिवाळ्याची सरासरी, शून्यं धरून. नोंद नसेल त्याला कामाचं अंतर आणि दिवस. वाटप मडगार्ड म्हणतात तसं. मर्यादा नाही. तास यंदा नाहीत, पण घरातले किलोमीटर वेगळ्या रकान्यात भरा, म्हणजे पुढच्या वर्षी बोलायला काहीतरी हाताशी असेल.

रिकामी_बाटली

आणि सगळ्यांचे अंदाज नावानिशी जाहीर लावा. १२०वाल्याने ४० लिहिले तर रोज त्याच्याबरोबर चालवणारेच त्याला सोडणार नाहीत.

उलटा_वारा

हे नाही करणार. १५ किमी लिहिणारी माणसं ३८०च्या खाली आपलं नाव बघून पुन्हा येत नाहीत.

रिकामी_बाटली

मग ४०वाले तुमचे तुम्ही पकडा.